बायबल वाचताना देवाची ओळख आणि भरवसा

बायबल वाचायचे ठरवणारे बरेच लोक पहिल्या पानापासून सुरुवात करतात. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा त्यांना ओढून नेतात, निर्गमातील मिसर देशातून सुटकेचा प्रसंग एका बैठकीत वाचून होतो, आणि मग उपासनेच्या मंडपाच्या पडद्यांची लांबी-रुंदी, अर्पणांचे प्रकार, शुद्ध-अशुद्धतेचे नियम सुरू होतात. लेवीय नावाच्या तिसऱ्या पुस्तकात कुठेतरी खुणेसाठी ठेवलेली चिठ्ठी मग पुढे सरकतच नाही. हा वाचकाचा आळस आहे असे मला वाटत नाही. आपल्या हातात नेमके काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘बायबल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थच ‘पुस्तके’ असा अनेकवचनी आहे. प्रोटेस्टंट परंपरेत या पुस्तकांची संख्या ६६ आहे, कॅथलिक परंपरेत ७३, आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये आणखी काही. जुना करार, म्हणजे येशूपूर्वीचा भाग, मुख्यतः हिब्रू भाषेत आणि थोडासा अरामी भाषेत, तर येशूपासून सुरू होणारा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात कायदे आहेत, वंशावळ्या आहेत, राजांच्या कारकिर्दींचे वृत्तान्त, गाणी, म्हणी, विलाप, खाजगी पत्रे आणि दृष्टान्त आहेत. अशा संग्रहाकडे एकच मोठा उपदेश म्हणून पाहिले, की वंशावळीत उपदेश सापडत नाही, गाण्यातील उपमा कायद्यासारखी वाचली जाते आणि वाचक गोंधळून जातो.

दुसरी अडचण छपाईने निर्माण केली आहे. आज प्रत्येक पानावर दिसणारे अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखनात नव्हते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची असून तिचे श्रेय स्टीफन लँगटन या इंग्रज धर्मगुरूंना दिले जाते, तर नव्या करारातील वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. संदर्भ शोधण्यासाठी ही सोय अमूल्य आहे. पण तिच्यामुळे एकेक वचन सुटे करून घेण्याची सवय लागते, आणि सुट्या वचनातून सुविचार मिळतो, माणूस किंवा देव कसा आहे हे कळत नाही. कोणाच्या पत्रांतून निवडलेली दहा वाक्ये वाचून त्या व्यक्तीची जेवढी ओळख होईल, तेवढीच.

मग ओळख होते तरी कशी? बायबलमध्ये ‘ओळखणे’ किंवा ‘जाणणे’ यासाठी येणारे हिब्रू क्रियापद ‘यादा’ हे आहे, आणि ते माहिती असण्यापेक्षा बरेच खोल जाते. पती-पत्नीच्या सहवासासाठीही तेच वापरले आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात योशीया राजाविषयी सांगताना देव म्हणतो की त्याने दीनदुबळ्यांना न्याय मिळवून दिला, आणि लगेच विचारतो की मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय? म्हणजे देवाची ओळख ही डोक्यात साठवायची गोष्ट नसून तिचा माग माणसाच्या वागण्यात लागतो, असे हा ग्रंथ गृहीत धरतो. आणि देवाविषयी सांगतानाही तो हीच रीत पाळतो. देवाची व्याख्या बायबलमध्ये शोधू गेल्यास फारच थोडी सापडते; त्याचे बोलणे, त्याची वचने आणि त्यानंतर त्याने काय केले, याच्या कथा मात्र शेकडो पाने व्यापतात.

जिथे देव स्वतःच आपले वर्णन करतो, असा एक प्रसंग मात्र आहे, आणि तो नीट समजून घेतला तर पुढचे पुष्कळ वाचन सोपे होते. निर्गमाच्या ३२व्या अध्यायात मिसरातून नुकतेच सुटलेले इस्राएल लोक सोन्याचे वासरू करून त्याची पूजा करतात. त्यांचा पुढारी मोशे संतापून देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडतो. लोकांनी करार मोडला आहे आणि देव त्यांना सोडून देईल का, हा खरा प्रश्न उभा आहे. अशा वेळी मोशे देवाला म्हणतो की मला तुझे तेज दाखव. ३४व्या अध्यायात देव त्याच्यासमोरून जातो, पण डोळ्यांना काय दिसले याचे वर्णन जवळजवळ नाही. ऐकू काय आले, ते दिले आहे. परमेश्वर दयाळू आणि कृपाळू, मंदक्रोध, दयेने आणि सत्याने भरलेला, हजारो पिढ्यांवर दया करणारा, अपराधांची क्षमा करणारा, तरीही दोषीला निर्दोष न ठरवणारा, अशी ती घोषणा आहे.

यातला ‘मंदक्रोध’ हा शब्द गमतीचा आहे. मूळ हिब्रू शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो, कारण त्या भाषेत राग म्हणजे नाक तापणे. ज्याच्या नाकावर राग असतो असे आपण म्हणतो, त्याच्या नेमका उलट हा देव आहे: राग तिथपर्यंत पोहोचायलाच त्याला फार वेळ लागतो. आणि हे वर्णन कोणत्या क्षणी आले, तेही पाहण्यासारखे आहे. लोक चांगले वागले म्हणून नव्हे, तर त्यांनी सर्वांत मोठा विश्वासघात केल्यानंतर आले आहे.

पुढे हे वाक्य बायबलभर घुमत राहते. गणनेच्या पुस्तकात मोशे तेच वाक्य देवाला परत ऐकवून लोकांसाठी क्षमा मागतो. नहेम्याच्या पुस्तकातील पश्चात्तापाच्या प्रार्थनेत ते आहे, १०३व्या स्तोत्रात आहे, योएलमध्ये आहे. सर्वांत विलक्षण वापर योना या संदेष्ट्याचा. निनवे ही अश्शूरची नगरी, इस्राएलाच्या शत्रूची. तिथे जाऊन इशारा देण्याचे काम योनाला मिळते, तो उलट दिशेला पळतो, अखेर जातो, आणि त्याच्या एका वाक्याच्या प्रवचनाने सारे शहर पश्चात्ताप करते. देव त्यांचा नाश करत नाही. तेव्हा योना चिडून प्रार्थना करतो की तू कृपाळू आणि दयाळू, मंदक्रोध, दयेने भरलेला देव आहेस हे मला ठाऊकच होते, म्हणून तर मी पळालो होतो! त्याचे पाठांतर अगदी बिनचूक आहे. त्याला त्या वाक्याचा रागच आहे. नहूमच्या पुस्तकात त्याच निनवेविषयी पुन्हा तेच शब्द येतात, परंतु या वेळी भर दुसऱ्या अर्ध्यावर आहे: परमेश्वर मंदक्रोध आहे खरा, पण तो दोषीला सोडून देणार नाही. एकाच नगरीविषयी दोन पुस्तके एकाच वाक्याची दोन टोके धरून उभी आहेत. या दोन टोकांमधला ताण ज्याने एकदा अनुभवला, त्याला ‘देव प्रेमळ आहे’ किंवा ‘देव कठोर आहे’ यांपैकी कोणतेही एक वाक्य पुरेसे वाटेनासे होते.

आता भरवशाकडे वळू. विश्वास किंवा विश्वासूपणा या अर्थाने येणारा हिब्रू शब्द ‘एमूना’ आहे, आणि त्याचा मूळ भाव कळण्यासाठी निर्गमाच्या १७व्या अध्यायातील एक चित्र फार उपयोगी पडते. अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएलाची सरशी होते आणि खाली आले की पीछेहाट. म्हाताऱ्या मोशेचे हात भरून येतात. तेव्हा अहरोन आणि हूर हे त्याचे साथीदार त्याला दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात, आणि त्याचे हात सूर्यास्तापर्यंत ‘एमूना’ राहिले, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे स्थिर, न ढळणारे. भरवसा म्हणजे मनात उसळणारी भावना असेल, तर ती रोज सकाळी आहे की नाही हे तपासत बसावे लागेल. या शब्दातला भरवसा मात्र थकलेल्या हातांचा आहे आणि त्याला दुसऱ्यांचा आधारही चालतो.

अब्राहामाची कथा याच दृष्टीने वाचावी. देवाने संततीचे वचन दिले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. मधली २५ वर्षे काही अध्यायांत वाचून होत असल्यामुळे ती किती लांब होती हे आपल्या ध्यानात येत नाही. या काळात त्याने जिवाच्या भीतीने पत्नीला बहीण म्हणून सांगितले, पत्नीची दासी हागार हिच्यापासून मूल मिळवून वचनाची पूर्तता स्वतःच घडवून आणण्याचा प्रयत्न केला, आणि देवाचे बोलणे ऐकून तो हसलाही. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले गेले, असे प्रसिद्ध वाक्य आहे. त्यानंतर दोनच वचनांनी अब्राहाम विचारतो की प्रभू, हे मला कशावरून समजावे? विश्वास आणि प्रश्न एका श्वासात आले आहेत, आणि देव त्या प्रश्नावर रागावत नाही. त्याच रात्री करार करतो. ज्यांना वाटते की शंका आली म्हणजे विश्वास संपला, त्यांनी ही दोन वचने जवळजवळ ठेवून वाचावीत.

भरवसा ठेवण्यासाठी वाचायचे, तर वचन कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत दिले आहे हे पाहणे अटळ आहे. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन अनेक भेटकार्डांवर असते: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत. हे वचन यिर्मयाने बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे. इसवी सन पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजाला आणि हजारो लोकांना नेले होते. बंदिवास लवकरच संपेल असे सांगणारे संदेष्टे त्यांच्यात लोकप्रिय होते. यिर्मया मात्र लिहितो की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षे पुरी झाल्यावरच मी तुम्हाला परत आणीन. हे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ‘भविष्य आणि आशा’ हे शब्द त्यांना सांगितले आहेत. येत्या महिन्यात नोकरी मिळेल या हमीपेक्षा हे वचन कितीतरी जड आहे, आणि माझ्या मते त्यामुळेच ते अधिक टेकण्यासारखे आहे.

ईयोबाच्या पुस्तकात तर संदर्भ सोडणे सरळ धोक्याचे ठरते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र पुष्कळ अध्याय ऐकवतात की दुःख हे पापाचेच फळ असते. त्यांची वाक्ये सुंदर आहेत आणि सुटी काढून भिंतीवर लावण्याजोगीही आहेत. पण ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब याच्यासारखे तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. देवाशी भांडणारा ईयोब योग्य बोलला आणि देवाची बाजू मांडणारे चुकले, हा निकाल शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच कळतो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूला मोहात पाडताना सैतानही ९१व्या स्तोत्रातील ओळी म्हणून दाखवतो. तेव्हा वचन पाठ असणे आणि ते समजलेले असणे यांत अंतर आहे.

सुरुवात कुठून करावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: मार्काच्या शुभवर्तमानापासून. येशूच्या जीवनाची हकीकत सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे आणि एका संध्याकाळी वाचून होते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव कसा आहे हे येशूमध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. योहानाच्या शुभवर्तमानात तो फिलिप्प या शिष्याला सांगतो की ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले. म्हणून येशूचे वागणे बारकाईने पाहणे हा देवाला ओळखण्याचा सर्वांत जवळचा रस्ता ठरतो. सोबत रोज एक स्तोत्र वाचावे. मग लूक, मग उत्पत्ती आणि निर्गम. लेवीयाला नंतर वेळ आहेच, आणि सोन्याच्या वासराची कथा पचवून तिथे पोहोचलेल्याला ते पुस्तक पूर्वीइतके परके वाटत नाही, कारण पवित्र देवाने चुकणाऱ्या लोकांमध्ये वस्ती कशी करावी, हाच त्याचा प्रश्न आहे.

बारकाईने पाहणे म्हणजे काय, ते मार्काच्या पाचव्या अध्यायावरून दाखवता येईल. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो, कारण त्याची लहान मुलगी मरणाच्या दारात आहे. येशू निघतो. वाटेत १२ वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली एक स्त्री गर्दीतून त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. इथे येशू थांबतो. मला कोण शिवले, असे विचारतो, शिष्य वैतागतात, ती स्त्री थरथरत पुढे येऊन सर्व हकीकत सांगते, आणि तो तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. इतका वेळ याईर शेजारी उभा आहे. त्याच्या मनात काय चालले असेल, याविषयी मार्क एक शब्दही लिहीत नाही. मग घरून निरोप येतो की मुलगी वारली. तेव्हा येशू त्याला सांगतो की भिऊ नको, विश्वास मात्र धर. मुलीचे वय १२ वर्षे होते, हे मार्क अगदी शेवटी सांगतो; म्हणजे ती जन्मली त्याच सुमारास त्या स्त्रीचे दुखणे सुरू झाले होते. कथा वाचून ‘येशू आजार बरे करतो’ एवढेच हाती घेऊन पुढे जाता येते. परंतु थोडे थांबले तर अधिक कठीण काही दिसते. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा आहे, तो आपल्या घाईने चालत नाही, आणि दुसऱ्या कोणासाठी थांबतो तेव्हा आपल्याला विसरलेलाही नसतो.

असे वाचन संथपणे आणि शक्यतो मोठ्याने व्हावे. पहिल्या स्तोत्रात परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटले आहे. तिथे ‘मनन’ यासाठी आलेले क्रियापद ‘हागा’ हे तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याचे आहे. यशयाच्या पुस्तकात तेच क्रियापद शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी आले आहे. मनन म्हणजे डोळे मिटून शांत बसणे अशी आपली कल्पना असते. इथे मात्र वाचणारा हाडूक चघळणाऱ्या प्राण्यासारखा शब्द सोडायला तयार नाही. बाराव्या शतकातील गिगो दुसरा या मठवासी लेखकाने अशा वाचनाच्या शिडीला चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात नुसते असणे. यातली तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. जे वाचले तेच देवाला उलट बोलून दाखवणे, त्याविषयी आभार मानणे किंवा तक्रार करणे, म्हणजे ती पायरी. मोशेने देवाचेच वाक्य देवाला ऐकवले, ते हेच. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचे वेळापत्रक अनेक जण पाळतात. प्रोटेस्टंट बायबलचे १,१८९ अध्याय असल्यामुळे रोजचे तीन-चार अध्याय येतात. ग्रंथाचा विस्तार एकदा नजरेखालून घालण्यासाठी ही पद्धत चांगली आहे, पण तारीख गाठण्याच्या धावपळीत याईर आणि ती स्त्री दोघेही मागे राहू शकतात.

प्रामाणिकपणे वाचणाऱ्याला अडवणारी पानेही येतील. यहोशवाच्या पुस्तकातील युद्धांत नगरेच्या नगरे मारली जातात आणि ती देवाची आज्ञा म्हणून सांगितली आहे. यावर शतकानुशतके विचार झाला आहे, आणि कोणतेही एक उत्तर सर्वांचे समाधान करत नाही. अशा पानावर पटकन सोपे स्पष्टीकरण चिकटवण्यापेक्षा प्रश्न लिहून ठेवून पुढे जाणे बरे, कारण प्रश्न विचारण्याची भाषाही हाच ग्रंथ देतो. १५० स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापांचा आहे. १३वे स्तोत्र ‘किती वेळ?’ असे चार वेळा विचारून सुरू होते आणि सहाच वचनांत गाण्यापर्यंत पोहोचते. ८८वे स्तोत्र मात्र तिथे पोहोचत नाही. त्याचा शेवट अंधाराने होतो. तरीही ते प्रार्थनाच आहे, कारण त्यातला प्रत्येक आरोप देवालाच उद्देशून आहे.

आणि वाचन एकट्यानेच करायचे असते, हाही गैरसमज काढून टाकावा. ही पुस्तके लिहिली गेली तेव्हा बहुतेक लोकांनी ती कधी हातात धरली नव्हती. ती जमावात ऐकली होती. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा हा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी वंशातले सेवक लोकांमध्ये उभे राहून अर्थ समजावतात. ऐकणारे रडू लागतात, तेव्हा त्यांना आज आनंद करा असे सांगावे लागते. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेहून गाझाकडे जाणाऱ्या ओसाड रस्त्यावर इथिओपियाच्या राणीचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत आहे. वधाला नेलेल्या आणि तोंड न उघडणाऱ्या मेंढराविषयीचा तो उतारा आहे. फिलिप्प (वर आलेला शिष्य नव्हे, त्याच नावाचा दुसरा सुवार्तिक) रथाजवळ धावत जाऊन विचारतो की आपण जे वाचत आहात ते आपल्याला समजते काय? राणीचा सर्व खजिना सांभाळणारा तो माणूस संकोच न करता म्हणतो की कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे समजणार, आणि फिलिप्पाला वर आपल्याजवळ बसवून घेतो. संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याच वचनापासून फिलिप्प येशूविषयी सांगू लागतो. पुढे वाटेत पाणी लागते, त्याचा बाप्तिस्मा होतो, आणि फिलिप्प त्याच्या नजरेआड होतो. अधिकारी आनंद करीत आपल्या वाटेने पुढे जातो. घर अजून पुष्कळ दूर आहे, आणि यशयाची गुंडाळी त्याच्यापाशी आहे.